लांब कानांचा सिंह

मी लष्कराच्या सामानवाहू तुकडीचा पितळी बिल्ला. माझ्यावर सिंह आहे. कानांकडे बघू नका. माझा जन्म समितीच्या हातून झालाय.

ही तुकडी खेचरांवरून डोंगरात दाणागोटा पोचवायची, म्हणून चित्रकाराने खेचर काढलं. नमुना म्हणून उभी होती तुकडीतली सर्वांत हट्टी मादी. तिला सगळे ‘बाईसाहेब’ म्हणत. तिचा लगाम धरून उभा असलेला शिपाई पुढे माझा मालक झाला.

चित्र पाहून समितीचे अध्यक्ष भडकले. “खेचर? शत्रू हसेल! सिंह हवा.” दुसऱ्या सदस्याला तलवार हवी होती, तिसऱ्याला जेवायला जायचं होतं. तिसऱ्यामुळे निर्णय लवकर झाला. चित्रकाराने त्याच खेचराला आयाळ चिकटवली, शेपटीला गोंडा लावला आणि कान तसेच ठेवले. विसरला की सूड उगवला, देव जाणे. समितीने न बघता सही केली.

पुढे मालकाच्या पायात गोळी शिरली, तेव्हा बाईसाहेबांनीच त्याला पाठीवरून छावणीत आणलं. वाटेत एकदाही अडल्या नाहीत, जन्मात पहिल्यांदाच.

निवृत्तीनंतर मालक रोज माझे कान पुसून मला कोटावर लावायचा.

“माझ्याकडे कधी इतक्या प्रेमानं पाहिलंत?” बायको विचारायची.

“तू कधी मला पाठीवर घेतलंस?”

“लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?”

मग एक दिवस निरोप आला: नवा बिल्ला मिळेल, जुना परत करा, वितळवायचा आहे. मालक जेवला नाही. पण हुकूम म्हणजे हुकूम, आणि खोटं बोलणं त्याला जमत नाही.

लष्करी कचेरीतला साहेब नवा बिल्ला घेऊन दारात आला. त्यावरच्या सिंहाचे कान अगदी नियमात होते. मालकाने कोट चाचपला. मी तिथे नव्हतो.

“हरवला,” बायको म्हणाली. “यांच्याकडे काही टिकतं का? मीच तेवढी टिकलेय.”

“मग नवा देता येणार नाही, काकू.”

“राहू द्या. सिंह पाळायला घरात जागा नाही.”

मी तिच्या शालीच्या आत होतो. मी इतका घाबरलो की माझी पिन तिला चांगलीच रुतली, पण बाईने हूं की चूं केलं नाही.

साहेब गेला. तिने मला काढून कोटावर लावलं. “घ्या. सांभाळा माझ्या सवतीला.”

माझे कान पुसायचे सोडून मालक तिच्याकडेच बघत राहिला.

तर मंडळी, कुणा म्हाताऱ्याच्या कोटावर लांब कानांचा सिंह दिसला, तर खुशाल हसा. फक्त मागच्या बाजूला उभं राहून हसू नका. बाईसाहेब लाथ मारायच्या.