आधी स्वतः उघडून बघायची

“पाठवते म्हटलं ना! तू आधी हात आवर, चहा सांडेल.”

दादाने डाव्या हाताने मोबाइल अगदी माझ्या नाकाशी धरला होता. सकाळचे सात वाजत आले होते आणि सातच्या ठोक्याला लिंक गेलीच पाहिजे. अर्धांगाचा झटका येऊन बारा दिवस झालेले, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, जीभ जड, कालच घरी आणलेला. आणि या गृहस्थाला काळजी कसली, तर लिंकची! आता काय म्हणायचं याला?

माझा हा थोरला भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. एका मोठ्या इस्पितळाच्या सहा लिफ्ट तीस वर्षं त्याच्या ताब्यात होत्या. दुरुस्ती झाली की हा एकटा आत शिरायचा, प्रत्येक मजल्यावर जाऊन दार नीट उघडतंय का ते बघायचा आणि मगच नोंदवहीत एक शब्द लिहायचा, ‘चालू’. तोवर कुणी पाय ठेवायचा नाही. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा त्याने जिन्याने पाठवलेलं आहे.

सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली, तोही निवृत्त झाला आणि त्याला हे लिंकचं खूळ लागलं. इंटरनेटवरून काहीतरी अजब शोधून काढायचं आणि रोज चौदा माणसांना पाठवायचं. खाली स्वतःची एक ओळ. ‘ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. आपल्याला एकच, तेही नीट सांभाळता येत नाही.’ ‘वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. यंत्र आतून बघायला हवं.’

त्या चौदांपैकी तेरा जण काय करत असतील ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातली एक मी. अंगठ्याचं चित्र टाकायचं आणि मोकळं व्हायचं. सहा वर्षांत मी त्याची एक लिंक उघडली असेल तर शपथ. वर चिडवायचे, “काय रे लिंकसम्राट, आज कोण हगलं?” हसायचा बिचारा.

चौदावी त्याची लेक, आमची ठमी. ती अंगठाही टाकत नसे.

वहिनीचं ऑपरेशन दादाच्याच इस्पितळात होतं आणि त्या सकाळी तिथलीच एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पाच माणसं. दादा धावला, दोन तास खपून सगळ्यांना बाहेर काढलं आणि वर पोचला, तोवर वहिनी गेली होती. पोर भान हरपून ओरडली, “तुम्हाला लोकच महत्त्वाचे ना बाबा? मग राहा त्यांच्यापाशीच!” मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण माझी जीभ! “बापाशी असं बोलतात? चालती हो,” म्हणाले मी. आणि झाली की चालती. दूर नोकरी धरली, आमचे फोन घेणं बंद केलं. दादाने तिला कधी बोल लावला नाही. पुढे फोन करणंही त्याने सोडलं. तेवढी सातची लिंक मात्र सोडली नाही.

“अरे, ती बघते तरी का?” मी एकदा विचारलं होतं.

“दोन निळ्या खुणा येतात.”

“नुसतं बोट लागलं तरी येतात त्या.”

तेही मी बोलायला नको होतं.

झटका आला तेव्हा मी तिला कळवायला निघाले, तर त्याने मोबाइल गच्च धरून ठेवला आणि मान हलवली. दया म्हणून ती यायला नको होती त्याला. मग बोटाने मोबाइलमधली एक यादी दाखवली. पुढच्या लिंका, प्रत्येकीखाली ओळ लिहून तयार. पहिल्या अकरांपुढे बरोबरची खूण होती. त्या मी दवाखान्यातून रोज एक अशा पाठवल्या. आज बारावी. हिच्यापुढे खूण नव्हती, पण माझं लक्ष आहे कुठे?

“उघ... बघ...” दादा धडपडत होता.

“बघितलं रे बाबा! बदकं आहेत. झालं?”

आणि दिली पाठवून. खाली त्याचीच ओळ होती: ‘जहाजावरून समुद्रात पडलेली खेळण्यातली बदकं. किती वर्षं तरंगली, पण किनाऱ्याला लागली.’

त्याने रागाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

वीसेक मिनिटांनी त्याचा मोबाइल वाजला. मी नाव बघितलं. ठमी.

“बाबा?”

“मी आत्या बोलतेय.”

फोन ठेवणार ही, असं वाटलं. ठेवला नाही.

“आत्या, बाबांना काय झालंय?”

“कुठे काय? आज लिंक गेली की तुला.”

“ती उघडत नाहीये. पानच सापडत नाही म्हणतंय. सहा वर्षं रोज उघडतेय मी, बाबांची एकही लिंक बंद निघाली नाही. स्वतः आत जाऊन आल्याशिवाय ते दुसऱ्याला पाठवतात का कधी? खरं सांग मला.”

मी आता कशाला लपवू? सगळं सांगितलं. “माझं चुकलं गं. तेव्हाही चुकलं,” हेही सांगितलं. पलीकडून नुसते हुंदके ऐकू येत होते. मग म्हणाली, “दुपारच्या गाडीने निघते. फोन दे त्यांना.”

मी मोबाइल दादाच्या कानाला लावला. ती काय बोलली मला माहीत नाही. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पार उशीपर्यंत. मग कसेबसे त्याने शब्द जुळवले.

“थांब... बघतो.”

आणि फोन बंद केला!

“अरे, सहा वर्षांनी पोर बोलतेय आणि फोन काय ठेवतोस?” मी किंचाळलेच. त्याला कुठलं ऐकू यायला? डाव्या हाताच्या एका बोटाने तो बदकं शोधत होता. एक पान उघडेना. दुसरं भलत्याच भाषेतलं. अर्ध्या पाऊण तासाने तिसरं सापडलं. वाळूत रुतलेली, उन्हाने रंग उडालेली बदकं. पानाच्या तळापर्यंत गेला, परत वर आला, पुन्हा एकदा उघडून बघितलं. मगच पाठवलं, चौदाही जणांना.

माझाही मोबाइल वाजला. या वेळी मी अंगठा टाकला नाही, उघडली.

तेवढ्यात ठमीचं उत्तर आलं. ‘उघडली, बाबा.’

दादाने ते दोनदा वाचलं. मग मला दिसेल असा मोबाइल वळवला. बारा दिवसांत पहिल्यांदाच त्याचा एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला.

“चालू,” तो म्हणाला.