अंग गार, आकडा एकशे सत्तावीस

मित्रांनो, तुमचं अंग जरा कोमट लागलं की कपाळावर हात ठेवणारं कोणीतरी घरात असतंच. कॉम्प्युटरच्या पोटात ते काम माझ्याकडे आहे. मी ताप मोजणारा एक जुना सेन्सर आहे. अंगाने तांदळाच्या कणीएवढा, पण जबाबदारी डोंगराएवढी!

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मला कडाक्याच्या थंडीत ठेवलं, मग तापल्या भट्टीत. दोन्हीकडे मी आकडा बरोबर सांगितला, तेव्हा कुठे मला पास केलं. मग डाख लावून एका हिरव्या पट्टीवर पक्कं बसवलं, आणि फिरत फिरत मी वहिनींच्या टेबलाखाली येऊन पोहोचलो.

वहिनी मुलांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं काढतात. घरी येणारा-जाणारा त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. कॉम्प्युटर तापू लागला की मी तसं सांगायचो. एक प्रोग्राम माझा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचा आणि पंख्याला जोरात पळवायचा. वहिनी आकड्याकडे बघून म्हणायच्या, "दमलास होय रे? चल, घटकाभर बसू दोघंही." सांगा, एवढ्याशा कणीचं इतकं कौतुक कोण करतं?

मग घरात ठमी आली. वहिनींची लेक. तेव्हापासून ठमी झोपली की वहिनी कॉम्प्युटरला उठवायच्या, आणि ठमी उठली की त्याला झोपवायच्या. तो पुरता बंद करून पुन्हा सुरू करायला सवड होती कुणाला? त्या खोलीत एक झोपला की दुसरा जागा, अशी पाळीच लागली.

आणि इथेच माझी फजिती झाली. कॉम्प्युटर दचकून जागा व्हायचा. मी अजून गाढ झोपेतच असायचो, तोवर प्रोग्राम विचारायचा, "ताप किती?" मी झोपेत बरळायचो, "एकशे सत्तावीस!" अहो, एवढ्या तापात पाण्याचीसुद्धा वाफ होते! पण प्रोग्राम पडला हुकमाचा ताबेदार. तो तोच आकडा धरून बसायचा आणि पंख्याला पिटाळायचा. पंखा असा घोंघावायचा, की खोलीतून विमान उडतंय असं वाटावं. की खाली गादीवर झोपलेल्या ठमीने भोकाड पसरलंच!

रोज हेच. वहिनींच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाचं एकच चित्र उरलं होतं, आणि तेच पुरं होईना. एके दिवशी प्रकाशकांचा फोन आला. "या आठवड्यात चित्र आलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ." फोन ठेवून वहिनी ठमीला थोपटत राहिल्या.

संध्याकाळी त्यांचे धाकटे दीर आले. भावजींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ठमी झोपलेलीच होती. त्यांनी कॉम्प्युटर उठवला आणि आकडा बघून हसतच सुटले.

"एकशे सत्तावीस? वहिनी, चहाचं आधण ठेवा की यावर!"

"आधी याचं तोंड बंद करा, मग चहा मागा."

"त्यात काय! सेन्सर म्हातारा झालाय, बरळतोय. त्याचं ऐकणंच बंद करून टाकतो. पंखा फिरेल आपला एका चालीने. ना कटकट, ना किटकिट."

मित्रांनो, ज्याला कुणी काही विचारतच नाही, त्याने खरं सांगावं तरी कुणाला?

वहिनींनी वाकून कॉम्प्युटरवर हात ठेवला. "भावजी, अंग तर गार आहे हो याचं."

तेवढ्यात पंख्याच्या आवाजाने ठमी जागी झाली. वहिनींनी उचलून घेतलं, तर ती त्यांनाच ढकलू लागली, पाय झाडू लागली.

"घ्या! पोरगी आईलाच ओळखेना!"

"झोपेतून उठलीये ती. आत्ता काही विचारू नका तिला. जरा थांबा."

वहिनी तिला घेऊन झुलत राहिल्या. हळूहळू ठमीने डोळे चोळले, आईचं नाक पकडलं आणि खुदकन हसली.

वहिनी झुलता झुलता थबकल्या. "भावजी, याला झोपवत नव्हते, तेव्हा हा आकडा कधी चुकला होता का हो? उठल्या उठल्याच चुकतो हा!"

भावजींचा हात जागीच थांबला. त्यांनी प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला आणि मला नव्याने विचारलं. आता मी टक्क जागा होतो.

"अडतीस!" मी ठणकावून सांगितलं. पंखा मांजरासारखा हळू गुरगुरू लागला.

"अरेच्चा! म्हातारा ठणठणीत आहे की! घाई आपलीच होती." भावजींनी लगेच सोय करून टाकली. कॉम्प्युटर उठला की प्रोग्रामने जरा दम खायचा आणि मगच मला विचारायचं.

"आता चहा?"

"ठेवते. पण गॅसवर!"

त्यानंतर पडद्यावर वहिनींचा कुंचला सरसर चालू लागला. चित्रात शेवटचे रंग भरणं चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. ठमी न रडताच जागी झाली, रांगत टेबलाखाली आली आणि आपलं दुपटं कॉम्प्युटरच्या जाळीवर टाकून खेळायला निघून गेली. वारा कोंडला. साठ... सत्तर... ऐंशी! मी जिवाच्या आकांताने सांगू लागलो. पंखा घोंघावला.

वहिनींचा हात थांबला. मला वाटलं, आता पुन्हा बोलणी खावी लागणार!

"हा तर केव्हाचा जागा आहे," त्या पुटपुटल्या. "म्हणजे खरं सांगतोय!"

त्यांनी झटकन चित्र जपून ठेवलं, खाली वाकल्या आणि दुपटं ओढून काढलं. गार वारा आत घुसला. सत्तर, साठ, पन्नास! मित्रांनो, तेव्हा माझी छाती अशी फुगली, की मी तांदळाची कणी आहे हेच विसरलो.

चित्र वेळेवर गेलं. पुस्तक छापून आलं, तेव्हा त्याचा कोपरा पहिल्यांदा ठमीने चाखून पाहिला. आणि भावजी? ते आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बजावतात, "आधी त्याला नीट जागा होऊ द्या, मग वेडा ठरवा."

मित्रांनो, माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. झोपेतून उठलेल्याला जरा वेळ द्या. जाळीवरची धूळ पुसा. आणि जागा झालेला कुणी कळवळून काही सांगत असेल, तर त्याचं ऐका.

आजही ठमी झोपली की वहिनी कॉम्प्युटर उठवतात. कपाळावर ठेवावा तसा त्यावर हात ठेवतात आणि हळूच विचारतात, "उठलास?"

मग त्या थांबतात. मी डोळे उघडतो, आणि अगदी खरं सांगतो, "अडतीस."

ठमी झोपलेलीच असते.