जयश्रीला नापास होता येईना

हेमराजने चार माणसांत शब्द देऊन टाकला होता: पोरगी जयश्री दहावी पास झाली तर अकरावीला जाईल, नापास झाली तर मध्यस्थ निंबाने आणलेल्या शहाद्याच्या स्थळाची सुपारी फुटेल. शब्द देताना आपण फार शहाणपण केलं असं त्याला वाटलं होतं. उधन्याच्या कारखान्यात तो कापड तपासायचा. तागा उजेडात धरायचा, चांगला असला तर फ्रेशमध्ये, डाग दिसला की सेकंडमध्ये. घरच्या गोष्टीही अशाच दोन ढिगांत बसतात, असा त्याचा भाबडा समज होता.

निकालाच्या दिवशी निंबा धुतलेली टोपी घालून हेमराजच्या डिंडोलीच्या खोलीत हजर झाला. खिशात सुपारी होतीच.

"बोल हेमराज, पोर पास व्हयनी का नापास?"

"दोन्ही नही," हेमराज म्हणाला.

"आसं कसं?"

जयश्री फक्त गणितात गेली होती. गेल्या वर्षापर्यंत एका विषयात गेलं की सगळं वर्ष बुडायचं आणि शेजारीपाजारी पोरीला निःसंकोच नापास म्हणायचे. यंदा बोर्डाने नियम बदलला होता. तेवढाच पेपर जुलैमध्ये पुन्हा द्यायचा, जमला तर त्याच वर्षी अकरावी. गुणपत्रकावर नापास हा शब्दच नव्हता. हेमराजने ते उजेडात धरून, उलटं करूनही पाहिलं.

निंबा वैतागला. "शहादावाला एसटीडी बूथवर वाट पाही राह्यनात. पोरगा सोता दहावी नापास शे, म्हनीसन त्यासले नापासच पोर पाहिजे. मी त्यासले काय सांगू?"

"सांग, नियम बदली गया."

"आरे, येक विषय गया म्हंजे नापासच! फोड सुपारी."

हेमराजने गुणपत्रक पुन्हा हातात घेतलं. शब्द तर दिलेला. पण पोरगी इतक्या लवकर घरातून जाणार म्हणून महिनाभर त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि हे बायकोलाही सांगायची चोरी. मग एकदम त्याला कारखान्यातलं सुचलं.

"निंबा, रफूले गयेल तागा कोनी इकस का?"

स्टोव्हपाशी बसलेल्या त्याच्या बायकोने, सरलाबाईंनी, हसू लपवायला पदर तोंडाला लावला. निंबाने टोपी सारखी केली. "मंग जुलैले येस मी," तो पुटपुटला.

तेवढ्यात पडद्याआडून जयश्री बाहेर आली. "निंबामामा, जुलैमध्ये मी पास होणार आहे. तुम्ही शहाद्याला दुसरी मुलगी बघायला सांगा."

पाहुण्यासमोर पोरीने असं बोलावं? हेमराजने दटावायला तोंड उघडलं. पण त्याला तिचा इतका अभिमान वाटला, की शब्दच फिरले.

"चहा पी आन मंग फोन कर, निंबा," तो म्हणाला. "ती सांगस तेच सांग."