सल्ल्याच्या तासाला घोणस

आमचे उमाटे सर रोज वर्ध्याच्या नालवाडीतून मोटरसायकलवर आमच्या गावाला येतात. इतक्या लांबून येऊन माणसाचं डोकं तापणारच, असं आई म्हणते. मला विचाराल तर ते घरूनच तापवून आणतात. इंग्रजीच्या तासाला तोंडून मराठी शब्द निघाला, की दुसऱ्या दिवशी परिपाठाला माईकवर इंग्रजीतून माफी मागायची. माफीत चूक झाली, की सर तिची नक्कल करून दाखवतात आणि पाचवीची पोरंसुद्धा खिदळतात. परवा आमच्या वर्गातल्या अनुपची पाळी होती. तेव्हापासून तो शाळेत आलाच नाही.

त्या दिवशी सल्ला द्यायला शिकायचं होतं. फळ्यावर दोन रकाने होते. सजेस्ट, अव्हॉइड, स्टॉप यांच्यामागे आयएनजीवालं क्रियापद. ॲडव्हाइज, वॉर्न, टेल यांच्यामागे आधी माणूस, मग टू. मी अडचण सांगतो, तुम्ही सल्ला द्या, असं सर म्हणाले आणि बूटमोजे काढून, टेबलाखाली पाय पसरून खुर्चीत बसले.

"आय हॅव अ हेडेक."

"आय सजेस्ट टू ड्रिंक टी, सर," पियुष म्हणाला.

"टू ड्रिंक? टू?" सरांनी त्याला खडू फेकून मारला.

सरांच्या खुर्चीमागे खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली असतात. दुसरीकडे जागाच नाही. तांदळामागून उंदीर येतात आणि उंदरामागून कोण येतं, ते आमच्या गावात लेकरालाही सांगावं लागत नाही. मी पहिल्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसते. तिथून टेबलाखालचं मला एकटीलाच दिसतं. पोत्याआडून आधी चपटं तोंड आलं, मग पाठीवरचे साखळीसारखे ठिपके. घोणस होती. ती सरकत सरकत आली आणि सरांच्या उघड्या पावलाशेजारी वेटोळं घालून थांबली.

'सर, साप!' एवढंच तर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात डोळ्यांपुढे तो माईक आला, खिदळणारी पोरं आली, आणि तोंड आपोआप मिटलं. सापाला इंग्रजीत काय म्हणतात? पहिलीपासून येणारा शब्द, पण भीतीनं नेमका तोच पळाला. ॲडव्हाइजमागे काय येतं तेही आठवेना. फळ्याकडे बघावं तर नजर टेबलाखालून हटेना. सर खुशीत आले की पाय हलवतात, तसा त्यांचा अंगठा हलत होता. घोणस फुगली. शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तसा आवाज यायला लागला. बाहेर खरंच खिचडी शिजत होती, म्हणून कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"दीपमाला! यू!"

मी बाक धरून उभी राहिले. "सर... आय ॲडव्हाइज यू... नॉट टू मूव्ह."

"गुड!" सर म्हणाले. मला त्यांनी गुड म्हणायची ही पहिलीच वेळ. "बट व्हाय नॉट मूव्ह?"

"अव्हॉइड मूव्हिंग लेग, सर. प्लीज."

"हूज लेग? माय लेग ऑर युवर फादर्स लेग?"

वर्ग हसला. सरही हसले आणि पाय आखडता घ्यायला लागले.

"आय वॉर्न यू, सर!" मी किंचाळलेच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कुठे बघतेय ते सरांनी पाहिलं. त्यांनी हळूच मान वाकवली. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय करू व माय?" ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मराठीत सांग."

"हलू नोका, सर. पाय तसाच राहू द्या."

घोणशीनं बऱ्याच वेळानं वेटोळं सोडलं आणि ती परत पोत्यांमागे गेली. मग आम्ही सगळे मैदानात पळालो. समुद्रपूरचा सर्पमित्र आला, त्यानं ती बरणीत घातली आणि नेली.

मुख्याध्यापिका छाया मॅडमनी मला जवळ घेतलं. "केवढं प्रसंगावधान! एकदम 'साप' म्हणून ओरडली असतीस तर सर दचकले असते. पाय पडला असता तिच्यावर."

"हिच्यामुळे वाचलो," सर म्हणाले.

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मला खोटं कौतुक पचत नाही.

"मले लय आंधीच दिसली होती," मी म्हणाले.

"मंग बोलली काऊन नाई?" सरांनी विचारलं.

"इंग्रजी जुळवून राह्यली होती."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. मग सर माझ्यापुढे वाकले. "सापापेक्षा मले भेली तू?"

मी खाली बघत राहिले.

"बोल ना, बेटा. मी काई नाई म्हणत."

मला बोलायचं होतं. पण सर इतके जवळ आले होते, की मी मॅडमच्या पदराआड सरकले.