नौयाककाकूनं कानस घेतली

अर्धांगवायूच्या झटक्यानं नौयाककाकूच्या तोंडाची डावी बाजू ओघळली, तेव्हापासून तिनं लोकांत जाणंच सोडलं. घरी कोणी आलं की ती भिंतीकडे वळून बसायची. मी तिची पुतणी, रोज सीलचं सूप घेऊन जायचे. माझ्याशीही ती पाठमोरीच बोलायची.

तिचा नवरा सूयुककाका हाडं कोरतो. शिशमरेफमध्ये, आमच्या या बर्फाळ बेटावरच्या गावात, त्याच्यासारखं अस्वल कोणाला जमत नाही. चाळीस वर्षं कोरायचं त्यानं आणि डोळे बसवायचे काकूनं, अशीच वाटणी होती. झटक्यानंतर काकूनं तेही सोडलं. दोन वर्षांत काकाची सात-आठ जनावरं आंधळीच फळीवर पडून राहिली.

त्या वर्षी वादळात किनाऱ्याची दरड कोसळली आणि वाळूतून देवमाशाचा जुना मणका वर आला, स्टुलाएवढा, तपकिरी पडलेला. काकानं तो उचलून आणला. महिनाभर शेडमध्ये काय चाललंय ते कोणाला सांगेना. मग एका दुपारी त्यानं तो काकूसमोर टेबलावर ठेवला. बाईचा चेहरा होता.

"डोळे बसव," तो म्हणाला.

काकूनं बराच वेळ पाहिलं. "ही कोण?"

"तू."

"ही लग्नातली. ही मेली कधीच."

"मला तू अशीच दिसतेस."

"मग चष्मा बदल!"

काका खाली मान घालून मणका परत उचलायला लागला, तशी काकूनं त्याचा हात धरला. "थांब. कानस दे."

उजवा हात तिचा शाबूत होता. कोरलेल्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर तिनं कानस टेकवली. काकानं मणका दोन्ही हातांनी घट्ट धरला. हाडाची धूळ छातीत जाते, म्हणून मी पाणी शिंपडत राहिले. तीन दिवस ती रोज थोडं थोडं घासत होती. वरचा टणक थर गेला आणि आतलं जाळीदार हाड दिसायला लागलं.

"बस आता," काका कळवळला. "आत भुसभुशीत आहे. तुटेल."

"माझं तोंड आहे, तुझं नाही."

तेवढ्यात गालाचा टवका उडून काकाच्या मिशीत अडकला. काकू हसली. दोन वर्षांनी हसली, अर्ध्या तोंडानं, लाळ गळेपर्यंत. काकानं मिशीतला टवका तसाच ठेवून आपल्या बाहीनं तिची हनुवटी पुसली. मी उगाचच पाणी आणायला बाहेर गेले.

चौथ्या दिवशी तिनं वॉलरसच्या सुळ्याचे डोळे बसवले.

नोव्हेंबरात गावजेवण होतं. काकू आपण होऊन आली आणि काकानं तो चेहरा वाढपाच्या टेबलाशेजारी ठेवला. बायका लांबूनच बघत राहिल्या. माझी पाच वर्षांची लेक मात्र थेट पुढे गेली. हाडाच्या वाकड्या ओठावर तिनं बोट फिरवलं, मग काकूच्या ओठावर.

"दुखतं?"

"नाही गं. वाऱ्यात गार लागतं, एवढंच."

"मग माझा मफलर घे," लेक म्हणाली आणि गळ्यातून काढायलाही लागली. गाठ काही सुटेना. काकूनं तिला मांडीवर घेतलं आणि एका हातानं हळूहळू ती गाठ सोडवत बसली.