कुलूप कुणी उघडलं

नेहाचं प्रमेय सिद्ध झालं ते रविवारी दुपारी, आणि घरात ते सगळ्यांत आधी कळलं मालतीबाईंना. नेहा तशीच स्वयंपाकघरात गेली आणि "आई, जमलं!" म्हणत सासूच्या गळ्यात पडली. मालतीबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी सुनेच्या तोंडात साखर घातली. तिचा नवरा हर्षल बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसला होता. दार उघडंच होतं. त्याला सगळं ऐकू आलं.

एम.टेक.ला दोघं एकाच वर्गात. तेव्हा हर्षल पहिला यायचा. अनेक संगणक एकाच वेळी काम करत असले की त्यांची घड्याळं जुळत नाहीत, म्हणून 'किती वाजता झालं' हे विचारायचंच नाही, 'कशामुळे काय झालं' एवढंच विचारायचं, हे नेहाला त्यानेच कॉलेजच्या कँटीनमध्ये समजावलं होतं. पुढे लग्न झालं, डिंडोलीतल्या घराचा भार आला, त्याने पीएच.डी. अर्धवट सोडली आणि भेस्तानच्या एका खाजगी कॉलेजात नोकरी धरली. नेहा विजया मॅडमच्या हाताखाली त्याच विषयात पुढे जात राहिली. आता मॅडमचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन तासन्‌तास बोलायची, आणि 'आपलं मॉडेल' म्हणायची. त्या 'आपलं'मध्ये हर्षल नसायचा.

त्या संध्याकाळी तिने छापलेला मसुदा त्याच्यापुढे ठेवला.

"वाचशील? काही खटकलं तर सांग."

"बघतो. वेळ मिळाला तर."

वेळ त्याने काढला. कॉलेजात स्टाफरूममध्ये, रिकाम्या तासांना, तो ओळ न्‌ ओळ वाचू लागला. तिचं म्हणणं असं होतं: प्रणालीत घडणाऱ्या प्रत्येक घटनेमागे कारणांचा एकच नेमका संच असतो. त्यामुळे काही बिघडलं, तर आधी परिणाम पुसायचे, मग कारण पुसायचं, आणि प्रणाली बिनचूक मागे नेता येते. मांडणी सुंदर होती. हर्षलला ती जितकी आवडत गेली, तितका तो चूक शोधायला चवताळला.

आणि ती सापडली. एक कुलूप आहे असं धरा. ते ओटीपीने उघडतं किंवा बोटाच्या ठशाने, दोन्हींपैकी काहीही चालतं. दोन्ही पोचले, आणि कुलूप उघडलं. कुणामुळे? आता ओटीपी रद्द केला, तर उघडणंही रद्द करायचं का? ठसा तर पुरेसा होता! नेहाच्या मॉडेलला दोन्हींतून एकच कारण निवडावं लागत होतं, आणि ओटीपी निवडला गेला तर कुलूप उगाचच बंद होत होतं.

त्या दिवशी हर्षल इतका खुशीत होता की येताना चण्याच्या डाळीचा गरम लोचो घेऊन आला. मालतीबाई म्हणाल्या, "आज काय व्हयनं रे तुले?" नेहाने विचारलं, "मसुदा वाचलास?"

"अगं नाही ना. पण शनिवारी तुझं व्याख्यान ऐकायला येतो."

ती केवढी खूश झाली!

शनिवारी नेहाच्या विभागाचा हॉल भरला होता. नेहा फळ्यापाशी उभी राहून छान बोलली. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा हर्षल उठला, पुढे गेला, खडू घेतला आणि कुलपाचं उदाहरण फळ्यावर मांडलं. नेहा फळ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "बरोबर आहे. प्रमेय असं टिकत नाही."

विजया मॅडमनी चष्मा काढला. "हर्षल, हे तुला कधी सुचलं?"

"आत्ताच, मॅडम. ऐकता ऐकता."

दोघं रिक्षाने परत निघाले. लिंबायतच्या वळणावर नेहा म्हणाली, "कारणांच्या संचाला तू फळ्यावर 'कॅपा' हे ग्रीक अक्षर लिहिलंस."

"मग?"

"व्याख्यानात मी साधं 'क' केलं होतं. कॅपा फक्त मसुद्यात आहे."

हर्षलने बाहेर पाहिलं. "तू तरी मला कुठे आधी सांगितलंस? आईला सांगितलंस."

"त्या समोर होत्या, हर्षल!" ती म्हणाली. "मी आधी स्वयंपाकघरात गेले, एवढंच. त्याची ही शिक्षा?"

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं. नेहा विभागातून आली की दार लोटून बसायची. हर्षलला वाटलं होतं आपण जिंकल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. लोटलेल्या दारापलीकडे ती कुलपाशीच झुंजते आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि आपण दिलेल्या कोड्यावर ती आपल्याशिवाय झुंजते आहे, याचाच त्याला हेवा वाटू लागला.

एके सकाळी तिने नवा मसुदा चहाच्या कपाशेजारी ठेवला. एका घटनेला अनेक पर्यायी कारणं असतील, तर त्यातलं एक तरी पुरतं शिल्लक असेपर्यंत परिणाम पुसायचाच नाही. जुन्यापेक्षा हे कितीतरी मोठं प्रमेय होतं. पहिल्याच पानावर कुलूप होतं.

"आभारात तुझं नाव आहे," ती म्हणाली. "मॅडम म्हणत होत्या, सहलेखक कर. मी नाही म्हटलं."

"का?"

"तू ते मला दिलं नव्हतंस. चारचौघांत माझ्यावर फेकलं होतंस."

त्याने मसुदा पुढे ओढला आणि विचारलं, "हे वाचू?"

"चूक शोधायला?"

"हो," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"शोध. पण सापडली तर आधी मला सांगायची."

त्याने रजा टाकली. दिवसभर टेबलाशी बसून प्रत्येक पायरी पुन्हा करून पाहिली. एका जागी मधली एक पायरी इतकी अनपेक्षित होती की त्याने पेन खाली ठेवलं. हे आपल्याला जन्मात सुचलं नसतं, हे त्याला स्वच्छ कळलं, आणि जुना हेवा पुन्हा जागा झाला.

संध्याकाळी नेहा आली. चपला काढता काढता तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही सापडली," तो म्हणाला.

"वाईट वाटलं?"

"फार."

कितीतरी दिवसांनी ती हसली. तिने पर्स खुंटीला अडकवली आणि तो बसला होता त्याच टेबलाशी, समोरची खुर्ची ओढून बसली.