लिफ्टताई जिन्याने जाते

त्या आठमजली इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या बाईला सगळे लिफ्टताई म्हणत. अकरा वर्षं ती स्टुलावर बसून लोकांना वर-खाली पोचवत होती आणि अकरा वर्षं लोक तिला केक भरवत होते. आठ मजल्यांवर आठ कचेऱ्या, त्यामुळे एक दिवसाआड कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचाच. "ताईंचा तुकडा बाजूला काढा रे!" शिवाय प्रत्येक मजल्याचा चहा, तोही गोडमिट्ट. लोकांची माया होती, नाही कशी म्हणणार?

ती माया कुठे साठली ते सोनोग्राफीत दिसलं. तिच्या धाकट्या भावाचं, सुताराचं, यकृत जुन्या काविळीने निकामी होत आलं होतं. ताईचा रक्तगट जुळला म्हणून तिच्या यकृताचा तुकडा त्याला बसवायचं ठरत होतं. पण डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून मान हलवली.

"तुमच्याच यकृतात चरबी साठलीय. असं यकृत देता येत नाही. दारू घेता?"

"दारू?" ताई खुर्चीतून उठलीच. "आमच्या सात पिढ्यांत कुणी वास नाही घेतला!"

"मग गोड खाणं आणि बैठं काम. त्यानेही होतं. दुसरं कुणी नातेवाईक बघा."

"दुसरं कुणी नाही. आम्ही दोघंच. चरबी उतरवायची कशी ते सांगा."

"उतरते, पण वेळ लागतो. तुमचा भाऊ फार तर तीन महिने तग धरेल."

"पुष्कळ झाले," ताई म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

आता ही बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. दुसऱ्याच दिवशी तिने जेवण सोडलं. आठवड्याभरात पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्येच भोवळ येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तिची चांगली खरडपट्टी काढली.

"उपाशी राहून यकृत सुधारत नाही, उलट बिघडतं. वेळेवर जेवा, भाज्या, कडधान्यं खा. साखर बंद. आणि चाला."

"चालू कुठे? दिवसभर मी दोन पावलांच्या खोक्यात असते."

"इमारतीला जिना असेल ना?"

जिना होता. अकरा वर्षांत ताईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच तिने बसकण मारली. गुडघे नको नको ते बोलत होते. तरी कामाआधी एकदा, जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि काम संपल्यावर एकदा, असा तिने रतीबच लावला. लोक हसले. कुणीतरी विचारलं, "काय ताई, लिफ्टशी भांडण झालं?"

व्यवस्थापकाने तिला बोलावून घेतलं. "लिफ्टवालीच जिन्याने चढायला लागली तर लोकांना वाटेल, लिफ्टचा भरवसा नाही."

"वाटू दे. माझ्या सुट्टीत मी पायांनी चढेन नाहीतर हातांवर चढेन. आणि हे तुमचं स्टूल घ्या. आजपासून मी उभी राहणार."

तिसऱ्या मजल्यावरून केक आला. "एका तुकड्याने काय होतंय, ताई?"

"तुकड्यातुकड्यानेच झालंय सगळं. न्या परत."

सहाव्या आठवड्यात ती भावाला भेटून आली. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्या संध्याकाळी सातव्या मजल्यावर तिला रडू फुटलं. भीतीही होती आणि संतापही, त्या केकांवरचा, स्वतःवरचा. तिने नाक पुसलं आणि रडत रडतच आठवा मजला चढली.

अकराव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी नवा अहवाल दोनदा वाचला. "चालेल," त्या म्हणाल्या. "मला खरंच वाटलं नव्हतं."

"मला वाटलं होतं," ताई म्हणाली.

आणि इतकं झाल्यावर भाऊच अडून बसला! भरती व्हायच्या दिवशी, इस्पितळाच्या तळमजल्यावर, चाकाच्या खुर्चीत.

"मी नाही येत वर. तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"बरं. वर तर चल, तिथे बोलू."

परिचारकाने खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली. ताई आत शिरली नाही, थेट जिन्याकडे वळली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत, माणसं घेत-सोडत वर आली. सहाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ताई समोर उभी होती. तिला धाप लागली नव्हती. भाऊ बघतच राहिला.

"हे गुडघे, हा श्वास, सगळं तुझ्यासाठी घडवलंय. वाया घालवायची परवानगी तुला कुणी दिली?"

दार मिटायला लागलं. ताईने मध्ये पाय घातला आणि अकरा वर्षांच्या सवयीच्या आवाजात म्हणाली,

"सहावा मजला. उतरा."

भावाने स्वतःच्या हाताने खुर्चीची चाकं पुढे ढकलली.